मधले दोन मैल

येणाऱ्या जहाजांना दोन मैल,
जाणाऱ्यांना दोन,
आणि मध्ये दोन मैल रिकामे,
टक्कर होऊ नये म्हणून सोडलेले.
नकाशावर ती पट्टी फिकट जांभळी आहे.
खमीस तिथेच जाळं सोडतो.

आमच्या कुमझारला रस्ता नाही.
पाठीशी डोंगर, असा उभा
की शेळीसुद्धा विचार करून पाय टाकते,
आणि दारात होर्मुझ.
जो आला तो पाण्यातून आला,
गेला तोही पाण्यातूनच,
जाताना एखादा शब्द विसरून गेला.
पोर्तुगीजांचे दोन-चार आहेत, फारसी तर खंडीभर.
तोफा त्यांनी परत नेल्या.
शब्द आम्ही अजून वापरतो,
बादलीला, खिडकीला, शिवी द्यायला.

हल्ली करडी जहाजं जास्त दिसतात.
त्यांच्या पोटात माल नसतो.
एक पुढे, दुसरं त्याच्या मागावर,
तिसरं लांब उभं,
लग्नात रुसून बसलेल्या व्याह्यासारखं.
मग वायरलेसवर कुणीतरी विचारतं:
छोटी बोट, छोटी बोट, तुझा हेतू काय?
खमीस म्हणतो, सुरमई.
विचारणारा बदलतो, उच्चार बदलतो,
खमीसची सुरमई तीच.
त्यांना वाटतं हा काहीतरी लपवतोय.
लपवतोच की!
जाळं कुठे लावलंय
हे तो मला, सख्ख्या भावालाही, सांगत नाही.

दूर कुठेतरी, थंड शहरात,
कुणी विम्याचा जुना आकडा खोडतो, नवा लिहितो,
आणि चार दिवसांनी खसबला
बर्फाची लादी महागते.
त्या माणसाचं नाव आम्हाला ठाऊक नाही.
मासा मात्र त्याच्या हिशेबाने नासतो.

त्या हिवाळ्यात एका रात्री
आकाशातल्या खुणा कुणीतरी ढवळून टाकल्या.
कुणी, ते विचारू नका,
सगळ्यांचीच बोटं एकमेकांकडे.
खमीसची मौझा मोबाइलवर जहाजं बघत होती.
बाबा, एक मशिदीच्या पायरीवर आहे!
एक हुमैदच्या शेळ्यांत.
आणि विहिरीत... थांबा, मोजते...
आपल्या विहिरीत चोवीस.

गावात विहीर एकच.
मौझा बॅटरी घेऊन खरंच बघून आली.
पाणी खाली गेलंय, म्हणाली,
बाकी कुणी नाही.

मी पोट धरून हसलो.
खमीस हसला नाही.
विहिरीत नाहीत, तर मग आहेत कुठे?
एवढंच बोलला,
आणि एकाऐवजी दोन कंदील घेऊन निघाला.
मी मागून उडी मारली बोटीत,
चपला तशाच किनाऱ्यावर.

मधल्या दोन मैलांत त्या रात्री
काळ्यावर काळं होतं.
आधी आवाज नव्हता.
पूर्वेकडचे तारे एकेक करून विझत गेले,
तेव्हा कळलं, भिंत सरकतेय.
खमीसने भाताचं पातेलं उचललं
आणि कालथ्याने बडवत सुटला,
ग्रहणात बडवतात तसं.
खूप उंचावर एक बॅटरी लागली,
हलली, विझली.
कुठल्या मुलखाचा पोर होता, कुणास ठाऊक.
तोही घाबरला असावा.
मग लाट आली, आणि तिच्यामागून
जाळ्याचा अर्धा तुकडा.

उरलेलं अर्धं कुणाकडे मागायचं?
झेंडा एकाचा, तेल दुसऱ्याचं,
आणि जागा तर कुणाचीच नाही.

उजाडताना वायरलेस खरखरला.
छोटी बोट, छोटी बोट, तुझा हेतू काय?
खमीसच्या दातांत सुई होती,
मांडीवर फाटकं जाळं.
मीच माइक उचलला.
म्हटलं, आधी तुमचा सांगा.

बराच वेळ नुसती खरखर.
मग टक्,
कुणीतरी चॅनेल बदललं.