हवेची हजेरी

वीस वर्षं कूलर बांधले मी पुलगावात.
वाळा भरला, पंप बदलले, पत्रा वाकवला.
कूलरचं सोपं असतं: एक खिडकी ओली, दुसरी उघडी.
हे यंत्र खोक्यातून निघालं तेव्हा
दोन पंखे पाठीला पाठ लावून बसलेले,
मधे पातळ पत्र्यांची वही.

ढोबळे मॅडमच्या भाच्यानं बंगलोरहून धाडलेलं.
"कूलरच्या ओलीनं यायले दम लागते," मॅडम म्हणाल्या,
"एसी लावला तं डॉक्टर म्हणते, खोली कोंडू नका.
बाहेर शेहेचाळीस.
आता सांगा भाऊ, काय उघडू न काय लावू?"

मी पुस्तिकेतली चित्रं पाहिली.
आतली जुनी हवा गार, बाहेरची ताजी तापलेली.
दोघी शेजारून जातात पत्र्याच्या आडून,
तोंडही पाहत नाहीत,
पण जाणारी आपला गारवा
येणारीच्या हाती देऊन जाते.
"म्हणजे बदलीच्या दिवशी चार्ज देतात, तसं," मॅडम म्हणाल्या.
एकतीस वर्षं शाळेत काढलेली बाई.
पुस्तिकेपेक्षा मला हे लवकर समजलं.

दोन दिवस भिंत फोडण्यात गेले.
चौदा इंची भिंत, सहा इंची भोक,
त्यातून चुना, भुसा,
आणि कुणाचा तरी एक निळा कंचा.
तो मी दौलतरावांच्या उशाशी ठेवला.
"माह्या नाही," ते म्हणाले, थांबून थांबून,
"पण राहू द्या."

खरं काम तिसऱ्या दिवशी.
मॅडमनी रद्दीतून जुना हजेरीपट काढला,
मुलांच्या नावांच्या रकान्यात खोल्या लिहिल्या.
मी स्टुलावर, झडपेला मीटर लावून.
निजायची खोली?
एक्केचाळीस.
बैठक?
सत्तावीस.
स्वयंपाकघर, जाणारी?
साठ.
न्हाणी?
एकोणीस.
"येणारी अडुसष्ट, जाणारी एकोणऐंशी.
ह्या अकरा कुठून घुसल्या?"
"दाराखालून," मी म्हणालो, "धुळीसकट."

स्वयंपाकघराची झडप आवळली की न्हाणी फुगायची,
बैठक वाढवली की निजायची खोली उतरायची.
दुपारी लाइन गेली.
आम्ही घाम पुसत बसलो.
लाइन आली तेव्हा आकडे भलतेच.

संध्याकाळी दाराच्या फटीशी उदबत्ती धरली.
धूर आत वाकला. पाव फेरा.
धूर बाहेर वाकला.
जवाच्या दाण्याएवढं मागं.
मग तो उभा राहिला,
प्रार्थनेच्या रांगेतल्या पोरासारखा,
नाक पुसायचं विसरून.
येणारी बहात्तर, जाणारी बहात्तर.
मॅडमनी खाली सही केली.

त्या शांततेत मला दौलतरावांचा श्वास ऐकू आला.
घेणं तोकडं, सोडणं लांबच लांब, शिट्टी वाजवत,
तरी काही आतच राहून जाणारं.
तिथं फिरवायला झडप नव्हती.
मॅडम मीटरकडं पाहत होत्या.
मी पुसलेला पेचकस पुन्हा पुसला.

हत्यारं आवरताना वास आला.
हिंग, लाल मिरची, करपायला आलेला लसूण,
थेट निजायच्या खोलीच्या झडपेतून.
बाहेरचं तोंड मी काढलं होतं
बरोब्बर पंचफुला मेश्रामच्या चुलीसमोर.
फिल्टर धूळ अडवतो. फोडणीला अडवणारा तो कोण?
"चुकलं जी माहं. उद्या येतो,
तोंड उत्तरेकडं नेतो, निंबाच्या बाजूनं.
पैसे नाही लागत."

दौलतराव खोकले, पुष्कळ खोकले,
मग हातानं गादी दाबून उठून बसले.
"गोळाभात," म्हणाले. "पंचफुलाकडं."
संक्रांतीपासून त्या खोलीत
औषधाखेरीज वास नव्हता शिरला.
"राहू द्या ते तोंड तिथंच."

मॅडमनी हजेरीपटावर शेवटची रेघ ओढून झाली होती.
तिच्याखाली पुन्हा पेन टेकवला,
आणि कोणत्या रकान्यात काय लिहावं
ते न सुचून तसाच धरून राहिल्या.