समास

रात्री साडेनऊला फ्रिजमधून बाटली काढतो,
मेथीच्या जुडीमागे ठेवलेली, बोटाएवढी.
मान मागे. एकच थेंब. मग नाकालगतचा कोपरा
दोन मिनिटं दाबून धरायचा,
नाहीतर घशात कडू उतरतं.

नोट प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी कागदाच्या कडा तपासल्या.
केसभर समास हुकला की तावावर लाल पेन्सिल.
काचबिंदूही कडेपासूनच खात येतो, डॉक्टर म्हणाले.
आणि नेमकं हेच माझ्या नजरेतून सुटलं.

आता डोळेच लाल.
पापण्या इतक्या वाढल्यात की चष्म्याच्या काचेला घासतात;
पगारेंची धाकटी विचारते, "आजोबा, मस्कारा लावता?"
कुमुद हसते. हसता हसता माझं मनगट धरते, मोजते.
दुसऱ्या औषधानं नाडी बावन्नवर आणलीय.

काल बिटको चौकात डावीकडून आलेली रिक्षा
मला दिसलीच नाही,
फक्त शिवी ऐकू आली.
हे घरी सांगितलेलं नाही.

गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं.
म्हणून रोज मान मागे:
पंखा, आणि पंख्याभोवती थोडं छत.
मोजून घेतो.
कालच्याइतकंच असावं.