चावी

अंशुलनं माझ्याकडून कागदावर बारा शब्द लिहून घेतले,
एकमेकांशी सोयरीक नसलेले बारा शब्द.
म्हणाला, मामा, ही तुझी चावी.
कोणालेच दाखवायची नाही. मामीलेही नाही.
कागद मी केसस्प्रिंगच्या डबीत ठेवला
आणि त्याच संध्याकाळी हिला सांगून टाकलं, डबी कोणती ते.
एकतीस वर्षं एका छताखाली काढल्यावर
काय लपवतं बे कोणी.

इतवारीत, शहीद चौकाच्या अलीकडे, धकाते वॉच कंपनी.
कंपनी म्हणजे मी, एक स्टूल आणि डोळ्यावरचं भिंग.
आता लोक मोबाइलमधे वेळ पाहतात,
माझ्याकडे आले तर सेल बदलायला.
म्हणून भाच्यानं त्या बाजारात दुकान मांडून दिलं
जिथं नोट नाही, चेक नाही,
गिऱ्हाईक म्हणजे सात अक्षरं आणि तीन आकडे.

पहिलं घड्याळ शिलाँगला निघालं.
सतरा ज्वेलचं, रोज चावी मागणारं.
पैसे आले, पण मला नाही आले,
मधेच अडकून बसले, ना त्याचे ना माझे.
माल पोचला की सुटतील, अंशुल म्हणाला.
हे मला समजलं. पैज लागली की
दोघांचे पैसे तिसऱ्याच्या मुठीत.
फक्त इथं तिसऱ्याला मूठच नव्हती.

खोक्यात भरायला थर्माकोल नव्हता.
मे महिना, कूलरला नव्या ताट्या बसवून
उरलेला वाळा कोपऱ्यात पडला होता.
घड्याळ कापसात, कापूस डबीत, डबी वाळ्यात.
गांधीबागेतल्या कुरिअरवाल्यानं विचारलं, किंमत काय लिहू?
मी सकाळचा आकडा सांगितला.
दुपारपर्यंत तो उतरून गेला होता.
मग पावतीचा फोटो, काट्यावरच्या वजनाचा फोटो,
खोक्याच्या सहाही बाजूंचे सहा.
माझ्या लग्नात इतके निघाले नव्हते.

रायपूर. कोलकाता. गुवाहाटी.
गुवाहाटीत चार दिवस.
गिऱ्हाईक नसलं की मोबाइल उघडायचा, मिटायचा.
अडकलेला पैसा जागचा हलत नव्हता
आणि दर तासाला वेगळा होत होता.

नवव्या दिवशी निरोप: घड्याळ बंद आहे.
शेजारी तक्रारीची लाल खूण.
अंशुल भडकला, फसवून राहिला मामा तो तुले,
थांब, सगळे फोटो टाकतो.
रात्रभर कूलर घरघरत राहिला.
मी विचार करत होतो,
कधी न पाहिलेल्या गावाहून, गवतात गुंडाळलेलं,
मेलेलं घड्याळ माझ्या हातात पडलं असतं
तर मी काय म्हटलं असतं?
म्हटलं असतं, भामटा.

पहाटे उठून लिहिलं, अंशुलला इंग्रजी करायला लावलं:
हे सेलवर चालत नाही. नऊ दिवस कोणी हात लावला नाही,
झोपलंय. बाजूचं बटण चिमटीत धरा,
वीसएक फेरे द्या, हळू.
पुरे झालं की ते स्वतःच अडेल.
अडल्यावर जोर करू नका.

दोन दिवस काहीच नाही.
ही म्हणाली, गेलं समजा.
समजतच होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी पैसे सुटले.
ठरल्यापेक्षा साडेतीनशे कमी भरले,
भाव पडला होता, त्यात त्याचा काय दोष.
सोबत अकरा सेकंदांचा आवाज.
दुकानाचं शटर अर्धं ओढून कानाला लावला.
चालतंय. पण ठोका किंचित लंगडतोय,
दिवसाला मिनिटभर पुढं पळेल.
हे आधी सांगायला हवं होतं. आता लिहिलं.

त्यावर त्याचा प्रश्न आला, घड्याळाबद्दल नव्हे:
खोक्यात ते गवत कसलं आहे?
खोलीभर वास सुटलाय. टाकून देऊ?
अंशुल म्हणाला, सोड ना मामा, व्यवहार संपला.

मी लिहिलं, टाकू नका.
थोडं पाणी शिंपडा.