दोन आणे

क्रामफोर्सच्या कागदगिरणीने बत्तीस वर्षांत
हाल्वारचे कान खाल्ले.
गाडी मात्र तो अजून ऐकतो:
उजवा तळवा मडगार्डवर सपाट,
डोळे मिटलेले,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा हात.

बीएमडब्ल्यू तीनशे तेवीस, ऐंशी सालची,
रंग शेवाळी, दाराखाली गंज.
उद्या सव्वानऊला तपासणी.
तूवा ऊमिओहून आली आहे रात्रीच्या बसने,
कारण धुराच्या यंत्रावरचे आकडे वाचायला
बापाला चष्मा सापडत नाही.
चष्मा त्याच्या डोक्यावर आहे.

आधी वीस मिनिटं फिरवून आणायची.
थंड इंजिन खोटं बोलतं.
नदीच्या कडेने सांदोच्या पुलापर्यंत, आणि परत.
मग बॉनेट. मग ते इंधन वाटणारं लोखंडी डोकं,
त्यातून निघालेल्या सहा नळ्या,
शेजारी हवा तोलणारी थाळी,
आणि दोघांच्या मधोमध, बुचाखाली,
करंगळी शिरणार नाही एवढं भोक.

त्यात तीन मिलिमीटरची षट्कोनी किल्ली, वीतभर लांब.
स्क्रू लागेपर्यंत सोडायची, दाबायची नाही.
उजवीकडे दाट, डावीकडे पातळ.
किती फिरवू, तूवा भुवईने विचारते.
हाल्वार अंगठ्याच्या नखाची कड दाखवतो.
आपल्या हिशेबात दोन आणे,
त्याहून जास्त फिरवील तो गाढव.

किल्ली बाहेर. बुचावर बोट.
थ्रॉटलला एक हिसका, इंजिन गुरकावतं,
मग खाली बसतं, बसतं,
आणि बसता बसता अडखळतं.
"पातळ आहे," हाल्वार म्हणतो, गिरणीतल्या आवाजात.
"अजून दोन आणे."
गेली दोन वर्षं तो हेच म्हणतोय.
आणि दर खेपेला महिनाभर बरं वाटलंय गाडीला.

तूवा किल्ली घालते.
पण फिरवत नाही.
मान वाकडी करते, केस कानामागे सारते.
फुस्स.
बारीक. पंख्याच्या आवाजाच्या मागे,
चहाच्या किटलीने मनातल्या मनात शिटी वाजवावी तशी.

ती किल्ली काढून खिशात टाकते.
बापाची तर्जनी धरते,
थाळीपुढच्या जाड रबरी नळीखाली नेते,
घडीच्या आत, जिथे दिवा पोचत नाही,
आणि टेकवते.
इंजिनचा सूर बदलतो.
बोट उचलते: अडखळ.
टेकवते: नाही.

हाल्वार डोळे उघडतो.
थाळीने कधी तोललीच नव्हती
ती हवा दोन वर्षं इथून आत येत होती फुकट,
आणि तो बापडा तिच्या वाटचं पेट्रोल
दोन-दोन आण्यांनी भरत होता.
तळव्याला धक्का कळतो, हिसका कळतो,
फुस्स कळत नाही.

"नळी मागवावी लागेल," तूवा ओठ नीट हलवत म्हणते.
तो फळीवरून खोका काढतो.
नवी कोरी नळी, अकरा वर्षांपूर्वी घेतलेली,
कागदाची घडीसुद्धा मोडलेली नाही.
"वेळेला असावी म्हणून,"
असं म्हणून तो दुसरीकडे बघतो.
तूवा काही बोलत नाही. हसते, पण खाली वाकून.

आता सगळं दाट. डोळे झोंबवणारा धूर,
यंत्रावरचा आकडा भलतीकडे.
डावीकडे दोन आणे. किल्ली बाहेर. हिसका. थांब.
डावीकडे दोन आणे.
गराजच्या दाराबाहेर उजेड आहे,
साडेदहा झाले तरी जूनचा उजेड जागचा हलत नाही.
डावीकडे. थांब.
बारा आणे परत केले, मोजून,
शेवटचा एक त्याने स्वतः फिरवला,
कुणाला फिरवू दिला नाही.

मग तळवा मडगार्डवर.
डोळे मिटलेले.
बराच वेळ.
कपाळावर आठी.

"बंद पडली का गं?"

तूवा उत्तर देत नाही.
एअर फिल्टरच्या झाकणावर त्याचाच कॉफीचा कप आहे,
त्याकडे बोट दाखवते.
काळ्या कॉफीत, अगदी कडेला,
एक वर्तुळ थरथरतं आहे.