भागाकार

चेंबूरच्या मैदानावर, नवव्या होलपाशी,
जिथून रिफायनरीची चिमणी दिसते तिथे
बरकू म्हणाला, "साहेब, मेंबर का होत नाही?
दर खेपेला पावती फाडता."

घरी आलो. विजेच्या बिलाच्या पाठीवर
प्रवेशशुल्क मांडलं, खाली वार्षिक वर्गणी,
भागिले आठवड्याचे दोन डाव,
वजा पावसाळा, वजा मोतीबिंदू,
वजा ज्या सकाळी गुडघा नाही म्हणतो त्या सगळ्या सकाळी.

उत्तर आलं सोळा वर्षं.
त्यापुढे खेळलो तर फायद्यात.
मी अडुसष्ट.

चेंडू लांबच्या तळ्यात पडला
की आधी वर्तुळं दिसतात,
आवाज मागाहून येतो.
तसं झालं.

पावतीच बरी, मी म्हणालो,
जेवढं चालू तेवढेच पैसे.

शालन, जी कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी
अख्खा बाजार पालथा घालते,
चष्मा लावून बिल वाचत बसली.
बराच वेळ.
मग माझंच पेन घेतलं.
सोळा खोडले नाहीत,
खाली लिहिलं: अधिक चार, नफ्याची.

"आणि बरकूची बक्षिसी धरलीच नाहीत," म्हणाली,
"हिशेबात तुम्ही पहिल्यापासून कच्चे."