वहिवाट

विलारेदोत घरं अकरा, त्यांतली सात कुलूपबंद.
उरलेल्या चारांतल्या दोघांचं भांडण.
मी गॅसवाला, मला दोन्हीकडे जावं लागतं,
महिन्यातून एकदा, ओरेन्सेहून, टेकडी चढून.

पूर्वी टेम्पो थेट ओब्दुलियाच्या दारात जायचा,
कासियानोचा कोबी डावीकडे ठेवून,
चेस्टनटच्या झाडाखालून.
चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तिथे साखळी आली.
सिमेंटचे दोन खुंट, मधे साखळी,
आणि साखळीला लटकवलेला साबणपावडरीचा लाल डबा,
रात्री कुणी अडखळू नये म्हणून.
म्हणजे माणूस अगदीच वाईट नाही.

तेव्हापासून सव्वीस किलो मी खांद्यावरून नेतो.
नारिंगी सिलिंडर, दव पडलेलं गवत, माझा गुडघा.

खटला चालला.
ओब्दुलियाच्या आजोबांच्या दस्तात एकच ओळ होती:
'गवताने भरलेली बैलगाडी जाईल एवढी वाट.'
कोर्टात प्रश्न निघाला, किती भरलेली?
गवत ओलं की वाळलेलं?
नव्वदीचा एलादियो साक्षीला उभा राहिला,
काही न बोलता त्याने दोन्ही हात पसरले.
कारकुनाने टेप लावून हात मोजले,
एक मीटर अठ्ठ्याहत्तर, आणि लिहून घेतलं.
कासियानोचा वकील म्हणाला,
माणूस म्हातारपणी आखडतो, हे नोंदवावं.
ओब्दुलियाचा म्हणाला,
मग वाट याहून रुंदच होती, हेही नोंदवावं.

मग मोजणीवाली मुलगी आली, बूट चिखलात घालून.
तिने फावड्याने शेवाळ खरवडलं.
खाली कातळ, कातळात दोन चाकोऱ्या,
लाकडी चाकांनी शंभर-दीडशे वर्षं घासून केलेल्या,
बोटभर खोल.
ओब्दुलिया खाली बसली, तळहात चाकोरीत ठेवला,
पोराचा ताप बघावा तसा.
कासियानो पलीकडे उभा.
त्याने सिगारेट पेटवली नाही, नुसती धरली.
म्हणाला, गाडी आमची होती.
ती म्हणाली, बैल आमचे.
मोजणीवालीने विचारलं, मग गवत कुणाचं?
त्यावर दोघंही तिच्यावरच चिडले.

निकाल लागला सतरा पानांचा.
वाट आहे. साखळीही राहू दे.
कुलपाची एक किल्ली बाईंना द्यावी.
कासियानोने किल्ली रजिस्टर पोस्टाने पाठवली.
साठ पावलांवरच्या घरी जायला
ती ओरेन्सेपर्यंत उतरली आणि परत चढली.
मला वाटलं, सुटलो.

पण ओब्दुलियाने ती चुलीवरच्या खिळ्याला अडकवली,
लसणाच्या माळेशेजारी.
म्हणाली, किल्ली पाहुण्याला देतात.
मी माझ्या घरी जातेय.
आणि आजही शहात्तराव्या वर्षी ती साखळी ओलांडते.
आधी पाव पलीकडे ठेवते,
मग काठी,
मग हाताने उचलून एक पाय,
मग थोडा वेळ तशीच उभी,
अर्धी त्याच्या हद्दीत, अर्धी निकालात.
मग दुसरा.

परवा गुरुवारी धुकं होतं.
मी साखळीशी सिलिंडर टेकवला, श्वास घेत होतो.
कासियानो कोबीतून आला,
हातात तेलाची बाटली, दर आठवड्याला कुलपाला तेल देतो,
न उघडणाऱ्या कुलपाला.
माझ्याकडे न बघता त्याने साखळी हाताने वर उचलली,
खुंट करकरले. मी वाकलो, सिलिंडरसकट खालून गेलो.
परतताना तो तिथेच,
लाल डब्यातलं पावसाचं पाणी ओतत.
विचारलं, तिची शेगडी नीट पेटते ना?
मागच्या हिवाळ्यात धुराचा वास येत होता.

मी म्हटलं, साठ पावलं आहेत. जाऊन विचार.

तो साखळीकडे बघत राहिला,
जणू ती दुसऱ्याच कुणी लावली होती.
कसा जाऊ, म्हणाला,
मधे हे आहे ना.