चौथा रकाना

पालिकेनं मला एक घडीची खुर्ची दिली,
अंगठ्यानं दाबायचं मोजयंत्र
आणि तीन रकान्यांचा कागद:
मोटारी. बस. पायी.
सायकलला रकाना नव्हता. सायकल होतीच एक,
पाव पोचवणाऱ्या बादरीची.
ती मी समासात लिहायचे.

तिबिलिसी, नोव्हेंबर.
चिनार पानं गाळत होते सहा पदरांवर
आणि ती झाडायला उतरायची कुणाची छाती नव्हती.

पहिल्या सकाळी, सव्वानऊला,
एक म्हातारी फुटपाथच्या कडेशी आली.
हातात औषधांची पिशवी.
पलीकडे दवाखाना, इतका समोर
की खिडकीतल्या पडद्यावरची फुलं मोजावीत.
तिनं डावीकडे पाहिलं. भुयारी वाटेकडे पाहिलं,
खाली बेचाळीस पायऱ्या, वर बेचाळीस.
गुडघ्यांना विचारलं नाही,
त्यांचं उत्तर तिला पाठ होतं.
मग वळली, आणि घरी गेली.

माझा अंगठा तसाच, अधांतरी.
जी गेलीच नाही
तिला कशात धरायचं?

पट्टी घेऊन मी चौथी रेघ मारली.
वर काय लिहावं सुचेना. लिहिलं: परत.

बारा दिवसांत परत, चारशे सहा.
त्यात एक दप्तरवाला पोरगा दोनदा,
तिसऱ्यांदा तो कुत्र्यामागून गेला.
कानात पिवळी चकती असलेला तो भटका
रोज बिनचूक पार व्हायचा.

साहेबांनी विचारलं, हा कुठला रकाना?
न घडलेल्याचा हिशेब कोण ठेवतं?
आराखडा काढणारी एल्झा काही बोलली नाही.
कागदाची घडी करून तिनं खिशात ठेवली.

शाळेच्या सभागृहात बैठक झाली,
पहिलीतल्या बाकांवर मोठी माणसं, गुडघे हनुवटीशी.
गुरामचं बुटांचं दुकान. तो तावातावानं उठला:
गाड्या लावायला जागा नसेल तर दुकान बसलं म्हणून समजा,
पायी येणारा माणूस कधी बूट घेतो का?
लोक हसले. तोही हसला, उशिरानं.
त्याचा मेहुणा कुठल्या वळणावर गेला
हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं.
कुणी काढलं नाही.

पुढच्या पानगळीपर्यंत
सहाचे चार झाले, त्यातला एक बसचा.
कडेनं सायकलची पट्टी, डाळिंबाच्या रंगाची,
आणि मधोमध एक बेट,
दोन माणसं नि एक बाबागाडी मावेल एवढं.
माझा भाऊ टॅक्सी चालवतो. चार मिनिटं जास्त लागतात,
रोज शिव्या घालतो.
पण परवा म्हणाला, घरी आल्यावर खांदे दुखत नाहीत हल्ली.

हिरवा माणूस चौतीस सेकंद चालतो.
हे चौतीस कुठून आले ते मला ठाऊक आहे.
दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात
एल्झा त्या म्हातारीच्या बाजूनं चालली होती,
एका हातात तिची पिशवी,
दुसऱ्यात घड्याळ.

खाली, भुयारात, म्झेविनार बसते.
वीस वर्षं सुया, मोजे, बटणं.
वर काय बदललं हे तिला कुणी सांगितलं नाही,
पावलं यायची थांबली, त्यावरून कळलं.
तिच्यासाठी मी रेघ मारली नव्हती.
सुचलंच नव्हतं.

काल, हिरवा माणूस चालत असताना,
मी बेचाळीस पायऱ्या उतरले.
कोटाची सगळी बटणं शाबूत होती.
तरी दोन घेतली, काळी, चार भोकांची.

सुटे मोजता मोजता तिनं विचारलं,
ती औषधांची पिशवीवाली?
गुडघे बरे असले की यायची इथून, बसायची थोडी.
बरेच दिवसांत दिसली नाही.

ती आता वर,
म्हणाले मी, आणि तिचा चेहरा पाहून
घाईघाईनं वाक्य पुरं केलं:

वरून जाते.